मन्मथअप्पांचं पोट का उतरेना

पहिल्याच सकाळी मैदानाला अर्धा फेरा मारून मन्मथअप्पा धापा टाकत मटकन बाकावर बसले, ते नेमके मंजुश्री मॅडमच्या पाण्याच्या बाटलीवर.

"अहो, बाटली...!"

"माफ करा, मॅडम. पोटाच्या पल्याडचं कायबी दिसत न्हाई हो मला."

ती खळखळून हसली. लातूरच्या गंजगोलाईत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या या विधुर माणसासाठी कुणी असं हसून जमाना लोटला होता!

मंजुश्री लातूरजवळच्या मुरुडची. चाळिशी ओलांडलेली, लग्न राहूनच गेलेलं. पोट सुटलेल्या पुरुषांचा व्यायामवर्ग घ्यायची.

"धावायचं न्हाई, अप्पा. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढंच भरभर चालायचं. मधी थांबायचं न्हाई. मग चरबी जळते."

"म्हंजे बोलायला कुणीतरी लागंल की."

"मी हाय ना."

झालं! एवढ्यावर गडी फिदा. रोज पहाटे दोघं बोलत चालायचे. पितळेचे भाव, तिच्या आईचे गुडघे, काय वाट्टेल ते. कधी वाऱ्यानं तिची ओढणी त्यांच्या मनगटाला लागायची आणि अप्पांचं बोलणंच अडायचं.

"दम लागला का?"

"हाव... दमच म्हणायचा."

पण कंबर ठरल्या मापात आली की माणूस वर्गातून मोकळा, असा तिथला नियम. त्यांच्या बरोबरीचा लिंबाजी पेढे वाटून मोकळा झाला, तेव्हा अप्पांना आपलीही पाळी दिसायला लागली. त्यांच्याही विजारी ढिल्या पडत होत्या ना! मग मापाच्या दिवशी बाकीचे पोट आत ओढायचे, अन् अप्पा श्वास भरून पोट पुढं काढायचे. माप जागच्या जागी. घरी येऊन ते स्वतःवरच हसायचे, आणि रिकाम्या घरात एकट्यानं चहा प्यायचे. तिच्यासाठी जीव नुसता तुटायचा. पण या वयात सांगणार कसं?

एके सकाळी त्यांच्या कमरेभोवती टेप धरून मंजुश्री तशीच थांबली. तिच्या गजऱ्याचा वास थेट नाकात शिरला.

"श्वास सोडा, अप्पा."

"सोडलाय की."

"न्हाई सोडला. दोन महिने झाले, दर मापाला धरून ठेवताय."

फुस्सकन श्वास सुटला. टेप सैल पडली, विजारही घसरायला लागली. अप्पांनी ती कशीबशी धरली.

"तुम्हाला... ठाऊक होतं?"

"पहिल्यांदा फुगवलं, तवाच."

"मग बोलला का न्हाईत?"

ती खाली बघत टेप गुंडाळत राहिली.

"बोलले असते, तर तुम्ही मोकळे झाला असता."

अप्पांचे डोळे भरून आले. "मला मोकळं व्हायचंच न्हाई... मंजुश्री."

मॅडम म्हणायचं राहिलं ते राहिलंच. तिनं टेप पिशवीत टाकली आणि हात पुढं केला.

"चला मग."

दोघं चालायला लागले. इतके हळू, की गाणंसुद्धा म्हणता आलं असतं.