हाफ क्लच

स्वतःच्या चष्म्यावर बसणं हा मूर्खपणा आहे आणि तो मी सोमवारी सकाळी, कामाला निघताना केला. समोर पहिलं चष्म्याचं दुकान दिसलं त्यात शिरले. काउंटरमागच्या माणसाने मला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर जड गोल चौकट चढवली आणि तिच्यात भिंगं बदलू लागला.

"हे बरं... की हे?"

"दोन्ही सारखीच."

"घाई नाही. पुन्हा बघा. हे... की हे?"

"तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"

"मॅडम, डोळे तुमचे. मी सांगून कसं चालेल?"

तो हसला. चुकीच्या भिंगातून मला त्याची दोन नाकं दिसत होती. दोन्ही चांगली होती.

मी लोकांना गिळायला शिकवते. हसू नका. मोठ्या आजारात घशाचे स्नायू दुबळे झाले की घोटभर पाणीसुद्धा वाट चुकून श्वासनळीत जातं. अशांच्या घरी जाऊन त्यांना सांभाळून खायला-प्यायला लावायचं, हे माझं काम. आजार बरा होणार नसतो. राहिलेले दिवस कमी त्रासाचे आणि त्यांच्या मनासारखे जावेत, एवढंच आमचं पथक बघतं. मी कामावर रडत नाही. रडणारी थेरपिस्ट कोणाच्या उपयोगाची नसते.

त्याच आठवड्यात नव्या पेशंटचं दार वाजवलं, तर दार दोन नाकांच्या माणसानेच उघडलं. आता नाक एकच होतं.

"चष्मा नीट बसला का?"

"पेशंट कुठे आहेत?" मी विचारलं.

पेशंट म्हणजे त्याचे बाबा. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. आजाराने आधी पाय नेले, मग हात, आणि आता तो घशाशी आला होता. मी त्यांना काका म्हणू लागले. चहात पावडर घालून तो घट्ट केला, म्हणजे सावकाश उतरतो. काकांनी चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

"हा चहा... नाही. खळ आहे."

मग मुलाला शिकवायची वेळ आली. घास उतरला की नाही, हे गळ्याला बोटं लावून समजतं. मी माझी बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली.

"गिळा."

काही हललं नाही.

"गिळा ना!"

"...येत नाहीये."

"पेशंट नक्की कोण आहे?"

त्याचे कान लाल झाले. पलंगावरून आवाज आला, "गाडी... न्यूट्रलवर आहे."

पुढे दर खेपेला तो मला फाटकापर्यंत सोडायला येऊ लागला. तिथे माझ्या चष्म्याची दांडी हमखास सैल निघायची. तो खिशातून इवलासा पेचकस काढायचा, चष्मा हळूच उतरवायचा, स्क्रू पिळून परत चढवायचा... आणि कानामागची बट सोडवायला जरा जास्तच वेळ लावायचा.

"दर वेळी कशी सैल होते ही?"

"नाकाचा दोष असेल माझ्या."

मी ती वर येतानाच जिन्यात नखाने सैल करायचे, हे सांगायची गरज नव्हती.

"एकदा बाहेर चहाला जाऊ या?" एका संध्याकाळी त्याने विचारलं.

"नाही. काका माझे पेशंट आहेत. पेशंटच्या घरच्यांबरोबर आम्ही असं जात नाही. नियम आहे."

"मग... ते पेशंट नसतील तेव्हा?"

बोलून गेला आणि जीभ चावली. तो दिवस म्हणजे कुठला, हे दोघांनाही कळलं होतं. मला तो हवा होता, तो दिवस मात्र नको होता.

काकांचं वजन उतरत चाललं. डॉक्टरांनी पोटात नळी बसवण्याचा पर्याय सांगितला, तेव्हा मुलगा मला दारातच म्हणाला, "नळी बसवायची. ठरलंय."

"कोणाचं ठरलंय?"

"माझं. त्यांना उपाशी ठेवून बघत बसू?"

"दुकानात गिऱ्हाईकाला विचारता ना, हे की हे?"

"ती काच असते!" तो ओरडला. "हे माझे बाबा आहेत."

मी पलंगाकडे बघितलं. शेवटी तो पलंगाशी जाऊन बसला. म्हणाला, "बाबा... तुम्हीच सांगा."

मी दोन्ही बाजू मांडल्या. नळीने पोषण आणि औषध पोटात जाईल, पण त्यासाठी इस्पितळात राहावं लागेल, आणि लाळ छातीत जायची भीती तरीही राहील. तोंडाने घेतलं तर चव मिळेल. ठसका लागेल, कधीतरी न्यूमोनियाही होईल. मग धाप कमी करायला औषधं आहेत, ती घरीच देता येतील. आणि मन बदलता येईल, फक्त नळी बसवायला फार उशीर व्हायच्या आत.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "चहा," ते म्हणाले. "कपातून... पातळ."

ते ताठ बसले, हनुवटी खाली घेतली, एक घोट. ठसका लागला. मग दुसरा घोट नीट उतरला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मुलाला रडू कोसळलं. मला त्याचा हात धरावासा वाटला. मी पावडरचा डबा धरला.

आठवडाभराने पथकाच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "तुझ्या काकांची तक्रार आहे. दुसरी थेरपिस्ट द्या म्हणतात. आजपासून मीच जाईन."

"कारण?"

"फार कडक आहे म्हणे."

कडक? मी? ज्यांना त्यांचा चहा मिळवून दिला, त्यांनीच मला काढावं? आता मी त्यांची थेरपिस्ट नव्हते, म्हणून ऑफिसच्या जिन्यात बसून पोटभर रडून घेतलं. मग तडक दुकान गाठलं.

"काकांचं मी काय वाकडं केलं?"

"मलाही काही सांगत नाहीत," तो म्हणाला. "फक्त म्हणाले, ती दुकानात येईल. आली की घेऊन ये."

काका उशांना टेकून बसले होते, चोरी पचलेल्या मांजरासारखे.

"का काढलंत मला?"

त्यांनी आधी श्वास गोळा केला. "हाफ क्लचवर... गाडी किती दिवस? प्लेट जळते."

आम्ही दोघंही खाली बघू लागलो.

"मी गेल्यावर... जमेलच तुमचं," काका म्हणाले. "पण मला बघायचंय." मग मुलाकडे वळून, "आता ती पाहुणी. चहा टाक."

त्याने चहा टाकला नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "विचारायचं होतं... हे की हे, असं. पण माझ्याकडे एकच आहे. मीच. घाई नाही... पुन्हा बघ."

"बघितलं," मी म्हणाले. "स्पष्ट आहे."

"हळू..." पलंगावरून काका म्हणाले, "आता सोड क्लच."

पावडरचा डबा मोठ्या बाईंच्या पिशवीत गेला होता. माझे दोन्ही हात रिकामे होते. मी त्याचा हात धरला.