सर्जेराव लंगडायला का लागला?

केतकी मुठीत दगड घेऊन समाजमंदिराकडे निघाली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. दगड साधासुधा नव्हता. काल तो तिच्या आबांच्या कपाळाला लागला होता. आबा म्हणजे तिचे आजोबा. ते मळ्यातून घरी येत असताना कुंपणाआडून कोणीतरी ओरडलं, "हवा सोड, सर्जेराव!" आणि पाठोपाठ दगड आला. कपाळाला टाके पडले. आबा एवढंच म्हणाले, "पोरंच ती. चालायचंच." केतकीचं मात्र डोकं फिरलं होतं.

सर्जेराव इनामदार हा खराखुरा माणूस नव्हताच. तो 'तांबडवाडी' नावाच्या मालिकेतला खलनायक. मंगळावर वसलेल्या एका खेड्यातली सगळी जमीन त्याची, आणि जमिनीखालून जाणारे हवेचे नळही त्याचेच. कोणी मान वर केली की हा त्या घराचा नळ बंद करायचा. आतली माणसं गुदमरायची आणि हा मिशांना पीळ देत हसायचा. कातरवाडीची पोरं रोज संध्याकाळी समाजमंदिरातल्या भिंतभर पडद्यासमोर बसून घसा फाटेस्तोवर त्याच्यावर ओरडायची.

कोडं असं होतं की, सुरुवातीला सर्जेराव आबांसारखा मुळीच नव्हता. लठ्ठ होता, तुरुतुरु चालायचा. मग हळूहळू त्याला आबांच्या मिशा फुटल्या. तो आबांसारखं "काय रं लेकरा" म्हणायला लागला. बैलाने लाथ मारल्यापासून आबा डाव्या पायाने लंगडायचे. एके दिवशी सर्जेरावही तसाच लंगडत आला. पलीकडच्या गावात केतकीच्या मामेबहिणीला मात्र हाच सर्जेराव चष्मेवाला आणि ताडमाड दिसत होता. आबांची शेती गावात सगळ्यांत मोठी. पोरांना तेवढं पुरलं. त्यांनी दोघांना एक करून टाकलं.

समाजमंदिरात कोणी नव्हतं. केतकीने दगड उगारला.

"फोड खुशाल," पडद्यावर सर्जेराव उमटला. "नवा पडदा बसेल. त्यातही मी असेन."

"आमच्या आबांचं सोंग का घेतलंस?" केतकी कडाडली.

मालिका सुरू नसताना विचारलं, तर पात्राने खरं तेच सांगायचं, असा त्या काळी कायदा होता. कातरवाडीतून आजवर कोणी विचारायलाच आलं नव्हतं.

"ग्रामसभेचा तो ध्वनिवर्धक चालू कर," सर्जेराव म्हणाला. "आणि माईक कर्ण्याच्या तोंडाशी धर."

केतकीने रागारागानेच बटण दाबलं. माईक कर्ण्यासमोर नेताच अशी कर्कश शिट्टी उठली की तिने दचकून बटण बंद केलं.

"तू तर तोंडही उघडलं नाहीस. मग शिट्टी कुठून आली?" सर्जेरावाने विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "खोलीतला बारीकसा आवाज माईकने टिपला. कर्ण्याने तो मोठा करून बाहेर सोडला. तो पुन्हा माईकमध्ये शिरला, आणखी मोठा होऊन बाहेर आला, पुन्हा शिरला. याला म्हणतात प्रतिसाद-चक्र (बाहेर पडलेलं पुन्हा आत जाऊन वाढत राहणं)."

"त्याचा आबांशी काय संबंध?"

"पडद्याच्या कडेला संवेदक आहेत (आवाज, नजर, हालचाल टिपणारी उपकरणं). ते माझा माईक. मला घडवणारं यंत्र सतत माझ्यात बारीक बदल करून बघतं. ग्रामसभेला इथे येऊन बसणाऱ्या माणसांकडूनच ते हे बदल उचलतं. ज्या बदलाला तुम्ही जास्त ओरडता तो ठेवायचा, बाकीचे टाकायचे. एकदा चष्मा लावला, तर तुम्ही जांभया दिल्यात. चष्मा गेला. मिशांवर ओरडलात. मिशा राहिल्या."

"आणि लंगडणं?"

"त्या दिवशी एक मुलगी सगळ्यांहून मोठ्याने ओरडली. पडद्यापर्यंत धावत आली."

केतकीचा हात खाली आला. ती मुलगी तीच होती. 'माझ्या आबांची नक्कल करू नको!' असं ती किंचाळली होती.

"अरे, मी तुला थांब म्हणत होते!"

"यंत्राला शब्द कळत नाहीत. आवाज किती मोठा, नजर किती खिळली, एवढंच ते मोजतं. माया असो की द्वेष, त्याला दोन्ही सारखंच."

केतकीच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. "असलं बिनडोक यंत्र केलं तरी कुणी?"

"माणसांनीच. तुम्ही पडद्यासमोरून हलू नये म्हणून."

तिने पुन्हा बटण दाबलं. शिट्टी उठली. केतकी शिट्टीवर ओरडली, तर ती आणखीच चिरकली. मग तिने माईकचं तोंड कर्ण्याकडून फिरवून दाराकडे केलं. शिट्टी गप्प झाली.

संध्याकाळी तिने हाताला धरून आबांना आणलं आणि सगळ्यांच्या मागे खुर्चीवर बसवलं. पोरांना तिने सगळं सांगितलं.

"म्हंजे सर्जेरावाला पाठ दावायची?" पोरांतला संग्राम फणकारला. "आपुन न्हाई भीत त्याला."

"भ्यायचं न्हाई. उपाशी मारायचं त्याला," केतकी म्हणाली.

सर्जेराव लंगडत आला आणि पोरं एकेक करून मागे वळली. समोर आबा. कपाळाला पट्टी, आणि पायाशी केतकीने आणून ठेवलेला दगड.

"आरं, चित्र तिकडं हाय न्हवं?" आबा गोंधळले.

पाठीमागून सर्जेरावाची पावलं ऐकू येत होती, एक जड आणि एक फरफटत. तो गरजला, हसला, नळ बंद केले. कोणी वळलं नाही. थोड्या वेळाने दोन्ही पावलं सारखी पडायला लागली. पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

"आबा," संग्रामची मान खाली गेली होती, "दगड माझा हुता."

"ठावं हाय. नेम चांगलाय तुजा. आंबं पाडायला ये."

केतकी हसली नाही. तिचा राग इतक्यात जाणारा नव्हता, आणि तो घालवायची तिला घाईही नव्हती. मालिका संपल्यावर ती पडद्यासमोर उभी राहिली.

"तुला घडवणाऱ्यांचा पत्ता दे."

"कशाला?"

"मोठी झाले की शब्द कळणारं यंत्र मीच करीन. तोवर त्यांच्यावर ओरडणार आहे. त्यांना तरी शब्द कळतात ना?"