नथीतला बुडबुडा

फाटकाला आतून कुलूप बसलं, आणि तो आवाज पंढरीला अजिबात आवडला नाही.

बंद दाराचं त्याला जुनं वावडं. एकदा जिनिंगच्या गोदामात चुकून कोंडला गेला होता, तेव्हापासून हा गडी संडासाची कडीसुद्धा अर्धीच लावतो. आणि आज बोथ गावातल्या या परक्या घरात एक म्हातारी फाटक बंद करून किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचत होती. भिंतींवर काचा रोवलेल्या, खिडक्यांना जाळ्या. पंढरीच्या मानेला घाम फुटला.

"बाई, आपन आत कोंडल्या गेलो ना?"

"आपन कामाले आलो," भागीरथाबाई म्हणाल्या. "गप राह्य अन् डोळे उघडे ठेव."

भागीरथाबाईंचं उभं आयुष्य आदिलाबादला विम्याच्या दाव्यांतली खोट शोधण्यात गेलं. नोकरी संपल्यावर त्यांनी तोच धंदा स्वतःच्या पाटीखाली सुरू केला. पंढरी त्यांची गाडी चालवायचा. तो स्वतःला सहायक म्हणवायचा आणि बाई ते चालवून घ्यायच्या.

त्यांना बोलावणारा चंदन, घरचा थोरला मुलगा, अंगणातच भेटला. रात्रभर जागलेला दिसत होता.

"नीलिमाले, माह्या बायकोले, मागच्या खोलीत कोंडलं बाई. आज महालक्ष्म्या उठतात. त्याच्या आधी तिनं चोरी कबूल नाई केली, तं दादा, माहे वडील, तिले मुधोळले माहेरी नेऊन सोडनार. कायमची."

"अन् तू काय करनार?"

चंदन आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत बसला. पंढरीला त्याची कीव आली आणि रागही आला.

हॉलमध्ये महालक्ष्म्या उभ्या होत्या. दोन पितळी मुखवटे, जरीच्या साड्या, पुढे समई. भोवती हातभर अंतर सोडून जाड रांगोळीचं कुंपण. या घरचा दंडक कडक. देवी एकदा बसवल्या की उठेपर्यंत रांगोळीच्या आत पाऊल टाकायचं नाही आणि बोट लावायचं नाही. थोरलीच्या नाकात घरची जुनी माणकाची नथ. अंगावरचे बाकीचे दागिने लखलखत होते, नथ तेवढी काळवंडलेली.

घडलं ते असं. नीलिमाला बारीक गोष्टींचे मोठे फोटो काढायचा नाद. किडे, फुलपाखरं, कपाशीवरची अळी. काल तिनं देवीच्या नथीचे फोटो काढले आणि संध्याकाळी टीव्हीला जोडून सगळ्यांना दाखवले. डाळीएवढं माणिक पडद्यावर परातीएवढं झालं. त्यात एक गोल बुडबुडा दिसला. धाकटा भारत ओरडला, "हा तं काच आहे! खऱ्या खड्यात असा बुडबुडा नसते!"

आणि सासू मथुराबाई लगेच म्हणाल्या होत्या, "हिनंच बदलला! एवढ्या जवळ दुसरं कोन गेलं?"

हे सगळ्यांना पटलं. पंढरीलाही पटलं. खडा परातीएवढा दिसतो म्हणजे बाईनं नाक टेकवूनच फोटो काढला असणार, दुसरं काय?

भागीरथाबाईंनी आधी घरधनी यशवंतरावांना गाठलं. आडतीचा मोठा व्यापार, आवाजही तसाच.

"या घरातून गेलेली गोष्ट मी परत मागत नाई," ते म्हणाले. "पन चोर घरात ठेवत नाई."

त्यांच्या डोक्यावर घरच्या मंडळींचा जुना फोटो होता. एक कडा कात्रीनं कापलेली. मथुराबाईंच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, बांगड्या घातलेला. हाताचा धनी मात्र फोटोत नव्हता.

"हा हात कोनाचा?"

"कोनाचा नाई," यशवंतराव म्हणाले आणि उठून गेले.

भारतचं बियाण्यांचं दुकान. पोरगा बोलका. "दरसाल सनाआधी दागिने उजळाले आदिलाबादले मीच नेतो. म्हनून आता सारे माह्याकडंच पाहून राह्यले. पन बाई, नथ मी कधी नेलीच नाई. माय कोनाच्या हाती देत नाई. देवीची नथ उंबऱ्याबाहेर जात नाई म्हन्ते."

"काल सोनाराले काऊन नाई बोलावलं?"

"निघालोच होतो! मायनं फाटकाले कुलूप घातलं. देवी उठेपर्यंत कोनी यायचं नाई, कोनी जायचं नाई. तुमाले आत घेतलं ते वडलांच्या शब्दावर."

"मंग आमी बाहेर कवा जानार?" पंढरीनं मधेच विचारलं.

मथुराबाई देवीसमोरच बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण पाठ ताठ.

"देवी बसवताना नथ म्याच घातली. खऱ्या माणकाच्या काठाले टवका होता, माह्या सासूच्या हातून उडालेला. तवा बोटाले लागला तो मले. म्हनजे तवा खडा खराच होता. बदलला तो मागून."

"अन् ही ओटी?" देवी दोन होत्या. ओट्या तीन मांडल्या होत्या. तिसरीत हिरव्या बांगड्या आणि खण.

मथुराबाईंचा हात जुडग्यावर गेला. "अशीच. येईल कोनी माहेरवाशीन."

मग मागची खोली. पोत्यांनी भरलेली, वर वितभर झरोका. बाहेरची कडी काढली तेव्हा नीलिमा एका पोत्यावर बसलेली. डोळे सुजलेले, पण नजर खाली नव्हती. पंढरी उंबऱ्यातच थांबला. आत जायला त्याचा पायच उचलेना, आणि ही पोर तर रात्रभर इथं होती.

"नथीचे फोटो काऊन काढले?" बाईंनी विचारलं.

"सासूबाईंसाठी. त्यांना दिसत नाही. वर्षात तीन दिवस नथ बाहेर निघते, तीही लांबून पाहायची. म्हटलं, मोठी करून दाखवू." तिचा आवाज फुटला. "माझ्याच फोटोनं मला कोंडलं बाई."

"तुझा लेन्स कसा आहे?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. नीलिमा जरा सावरून बसली.

"मॅक्रो लेन्स. एकशेऐंशी मिलिमीटरचा. साठचा घेतला असता तर स्वस्त पडला असता, हलकाही. पण साठच्याला किड्याच्या अगदी तोंडाशी जावं लागतं. आपलीच सावली पडते, फुलपाखरू उडून जातं. हा लांबूनही तेवढंच मोठं चित्र देतो. म्हणून शिकवण्या घेऊन, थांबून थांबून हाच घेतला."

"काल किती फोटो काढले?"

"पुष्कळ. इतकं मोठं चित्र घेतलं की केसाएवढाच भाग स्पष्ट येतो, पुढचं-मागचं सगळं धूसर. म्हणून कॅमेरा स्टँडवर ठेवायचा आणि थोडं थोडं सरकत घ्यायचं. एकात खड्याचं पोट, एकात काठ, एकात सोन्याच्या नख्या."

"अन् घरच्यांनी कोनता पाह्यला?"

"पोटाचा. बुडबुडा दिसला आणि टीव्हीच बंद केला."

भागीरथाबाई हसल्या. पंढरीला हे हसू ठाऊक होतं. बाईंना काहीतरी सापडलं की गालाला अशी खळी पडायची. त्याला स्वतःला मात्र काही म्हणजे काही सापडलं नव्हतं.

ऊन कलायच्या आत सगळे हॉलमध्ये जमले. भारतनं कपाटातून कॅमेरा काढून दिला. मागच्या खोलीतून नीलिमा आली.

"लाव तुझा स्टँड," बाई म्हणाल्या. "रांगोळीच्या बाहेर. अन् काल घेतला तसाच फोटो घे."

नीलिमानं तिकाटणं उभं केलं, खाली वाकून एक डोळा मिटला, श्वास धरला. खटका वाजला. टीव्हीवर नथ उमटली. खडा परातीएवढा, पोटात गोल बुडबुडा. कालचाच फोटो जणू.

"पंढरी, रांगोळी पाह्य."

पंढरीनं उकिडवं बसून पाहिलं. एक रेघ हलली नव्हती. "बाप्पा! हातभर लांबून काढला की हो!"

"तुमी सारे इथंच फसले," बाई म्हणाल्या. "मोठं दिसलं म्हनजे ही जवळ गेली, अन् जवळ गेली म्हनजे हात लावला. अरे, हिनं लेन्सच असा निवडला की जवळ जावं लागू नये. फुलपाखराले न उडवनारी बाई देवीची रांगोळी कायले मोडीन?"

"मंग आदल्या दिवशी मोडली असन, अन् पुन्हा काढली असन," यशवंतराव गुरगुरले.

"ठीक. तो संशयबी फेडू. नीलिमा, कालचा दुसरा फोटो लाव. नख्यांचा."

पडद्यावर आता खडा धूसर होता. त्याला धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या चार नख्या मात्र लख्ख. नख्या आणि खडा यांच्या फटीत काळपट लाल थर बसलेला, दगडासारखा घट्ट.

"काय आहे हे, भारत?"

"कुंकू. तेल अन् कुंकू. जुनं वाळलेलं."

"दरसाल नथीले तेल-कुंकू लागते. बाकीचे दागिने सोनाराकडं उजळून येतात, नथ जात नाई. म्हनून हा मळ थरावर थर साचला. आता सांगा, खडा बदलाचा तं नख्या उघडा लागतात. नख्या उघडल्या की हा थर फुटनार. फुटलाय कुठं?"

सगळ्यांनी पाहिलं. कुठं तडा नव्हता.

"म्हनजे ही काच या सनात बसली नाई. नीलिमाच्या लगनाले तं दोनच सालं झाले, त्याच्या लय आधी बसली. पोरगी सुटली!"

चंदननं तोंडावर हात दाबला. नीलिमानं स्टँड घट्ट धरला. पंढरीला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण त्याच्या डोक्यात एक गाठ अडकली होती, आणि हा माणूस मनातलं पोटात ठेवू शकत नाही.

"पन बाई," तो म्हणाला, "काच जर इतकी जुनी, तं आजीच्या बोटाले परवा माणकाचा टवका लागला कसा?"

पंढरीनं जीभ चावली.

भागीरथाबाई मथुराबाईंकडे वळल्या. नथीच्या पेटीची किल्ली त्याच कमरेच्या जुडग्यात होती, हे आता सांगायची गरज नव्हती.

"नाई लागला," मथुराबाई म्हणाल्या. ताठ पाठ पहिल्यांदा वाकली. "कुठून लागनार? माणिक म्याच काढून इकलं. सुवर्णासाठी."

"हे नाव या घरात घ्याचं नाई!" यशवंतराव ताडकन उठले.

"घेनार! आज घेनार!" म्हातारीचा आवाज भिंतीवर आदळला. "तिनं तिच्या मनानं लगन केलं. तुमी फोटोतून कापली तिले. पन माह्या पोटातून कशी कापनार? नागपूरच्या दवाखान्यात बाळंतपनात मराले टेकली होती माही लेक. तुमाले सांगतलं असतं तं तुमी काय म्हनले असते? गेलेली गोष्ट परत मागत नाई! माह्या भावाच्या हातून माणिक इकलं. माय-लेकरू दोघं वाचले. तवापासून म्या कोनाले नथीजवळ येऊ नाई देल्लं."

यशवंतरावांचा हात खुर्चीची पाठ शोधत राहिला. भारतनं ती पुढे सरकवली.

मथुराबाई नीलिमाकडे वळल्या. नजर तिच्या चेहऱ्यावर नीट ठरत नव्हती, जरा बाजूला पडत होती.

"काल काच म्हटल्याबरोबर यायनं, तुह्या सासऱ्यायनं, माह्याकडं पाह्यलं. भेवानं तोंडातून तुहं नाव गेलं. तू मले नथ दाखवाले आनली, अन् म्या तुले पोत्यायच्या खोलीत कोंडलं. मी पापी आहो बाई."

"मी रात्रभर त्या खोलीत होते," नीलिमा म्हणाली. ती पाया पडली नाही, आणि जवळही गेली नाही. "उद्या मी मुधोळला जाणार. कोणी नेऊन सोडायचं नाही, मीच जाईन. मन शांत झालं की येईन." मग चंदनकडे पाहून म्हणाली, "तुम्हाला यायचं तर या."

"येतो," चंदन म्हणाला. यावेळी त्यानं मान वर केली होती.

यशवंतरावांनी घसा खाकरला. "ऊन चाललं. देवी उठवा. फाटक उघड."

"नाई."

"काय नाई?"

मथुराबाईंनी जुडगा कमरेतून काढून घट्ट मुठीत धरला. "लक्ष्मी म्हन्ता, माहेरवाशीन म्हन्ता, तीन दिवस तिले पुरनपोळी खाऊ घालता. माह्या लेकीले या उंबऱ्याचं पानी नाई. आता हे कुलूप उघडन ते सुवर्णाले बोलावल्यावर. तवर तुमीबी आत, मीबी आत, अन् देवीबी आत."

पंढरीनं फाटकाकडे पाहिलं. पुन्हा कोंडलो! पण या वेळी मानेला घाम आला नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. रात्र इथं काढावी लागली तरी चालेल, असं त्याच्या मनात आलं.

मग नीलिमा पुढे झाली. कालपासून जप्त असलेला आपला फोन तिनं भारतकडून मागून घेतला, सासूनं तोंडपाठ सांगितलेला नंबर लावला आणि सासऱ्यांपुढे धरला. यशवंतराव त्याच्याकडे पाहत राहिले. फोन वाजत होता. शेवटी त्यांनी तो घेऊन कानाला लावला.

पलीकडून घाबरलेला आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"माय? आज कोनाच्या फोनवरून? बरी आहेस ना?"

यशवंतरावांनी डोळे मिटले.

"माय नाई, पोरी," ते म्हणाले. "मी आहो."