आता पुसा

दार लोटून घ्या आणि जवळ सरका, मोठ्याने बोलायची ही गोष्ट नाही. माझा मित्र कंपाउंडर तुम्ही पाहिलाय. दवाखान्यात डॉक्टरपेक्षा त्याचीच जरब जास्त. त्याने मला हे एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विषय काढू नकोस म्हणाला. मी काढणार आहे.

मागच्या वर्षी, नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. संध्याकाळी मी त्याची शिडी परत द्यायला गेलो. त्याचा मुलगा रात्रपाळीला निघून गेला होता. पुढच्या खोलीत सून जमिनीवर उकिडवी बसलेली. शेजारी एक चौकटीची वही उघडी, आणि फरशीवर पांढरे ठिपके. एकोणीसपासून दहापर्यंत उतरत्या ओळी. ठिपके बरे पडले होते, पण ते जोडणारी रेघ मध्येच जाड, मध्येच तुटकी. पोरीने आयुष्यात कधी रांगोळीची चिमूट धरली नव्हती. ती वही तिच्या सासूची होती. माळ्यावर सापडली, म्हणून शिकत होती.

ही सासू, म्हणजे आमची वहिनी, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

वहिनीची रेघ मी पाहिलीय. केसासारखी बारीक, सुरुवात कुठे नि शेवट कुठे ते कळायचं नाही. एकदा मुलींच्या शाळेने तिला शिकवायला बोलावलं होतं. कंपाउंडरने ते पत्र तिच्यासमोर फाडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दाराच्या आत रांगोळी काढली, आणि हा दवाखान्यात जाताना बूट घालून मुद्दाम त्या रांगोळीवरून चालत गेला. त्यानंतर रोज. ती काढायची, हा तुडवायचा. सव्वीस वर्षं. मी दारात उभा राहून हसायचो. सांगायला आता लाज वाटते, पण हसायचो.

तर त्या संध्याकाळी तो घरी आला. वही बघितली आणि त्याचं डोकं फिरलं. या घरात हे धंदे बंद, म्हणाला, आणि बुटाने सगळं फरफटून टाकलं. सून उठली नाही. तिने फरशी झाडली आणि पहिल्या ठिपक्यापासून पुन्हा सुरू केलं. त्याने पुन्हा पुसलं. तिने पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा पुसल्यावर तिने मान वर केली.

"बाबा, तुम्ही थकाल. मी नाही थकणार."

आवाज चढवला नाही तिने. मी शिडी भिंतीला लावली आणि निघालो. त्याला अडवलं नाही. त्या गोष्टीचा राग अजून माझ्या मनात आहे, माझा मलाच.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कंपाउंडरला जाग आली. पुढच्या खोलीतून आवाज येत होता. सर्र... सर्र... कोरडी पूड पडल्यासारखा. सून मुद्दाम करतेय, असं वाटून तो तणतणत उठला. वाटेत तिच्या खोलीचं दार उघडं होतं. आत ती झोपलेली होती. तोंड भिंतीकडे, हात उशीखाली.

आवाज चालूच होता.

तो पुढच्या खोलीत गेला. दिवा लागेना. पण ठिपके दिसत होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कोण आहे ते धरायचं म्हणून तो त्यांच्यावरून आत घुसला. पार मधोमध. तिथे कोणी नव्हतं.

फक्त पूड पडत होती. जमिनीपासून वीतभर वरून. वर हात नव्हता.

रेघ निघाली. बारीक. सरळ त्याच्याकडे. वळली. पुन्हा आली. हळूहळू नाही हो... फेकून मारल्यासारखी. त्याने पुसायला पाय उचलायचा प्रयत्न केला.

तेव्हा कानाशी आवाज आला. सव्वीस वर्षांत न चढलेला.

"आता पुसा."

पाय उचलेना.

चुकलं, म्हणाला तो. पुन्हा म्हणाला... रेघ थांबली नाही. पायांभोवती एक वेढा. मग दुसरा. मग...

साडेपाचला सून बाहेर आली. सासरे खोलीच्या मधोमध उभे. कपडे घामाने ओले. फरशी स्वच्छ, पुडीचा एक कण नाही. तिचा रांगोळीचा डबा फळीवर, होता तेवढाच भरलेला.

"पाय उचलू का?" त्याने तिला विचारलं.

तिने खाली पाहिलं. तिला काहीच दिसलं नाही. पण आदल्या संध्याकाळचा राग उतरला नव्हता.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. झाडू घेतला आणि कामाला लागली.

उजाडल्यावर त्याने पाय उचलला. तेव्हापासून तो मागच्या दाराने ये-जा करतो. सुनेची रेघ आता बारीक सुटायला लागलीय. गल्लीतल्या आठ-नऊ मुली तिच्याकडे शिकायला बसतात, आणि हा पलीकडच्या खोलीत खोकलासुद्धा दाबून धरतो.

विश्वास ठेवू नका हवं तर. पण मधोमधची ती फरशी मी स्वतः ओल्या फडक्याने पुसून पाहिलीय. दोनदा. सगळी ओली होते. फक्त दोन पावलांएवढी जागा... कोरडी राहते.