चक्कर नव्हे

हेमंतातील ती कोवळी सकाळ होती. एरंडोलहून धरणगावमार्गे जळगावकडे निघालेली एसटी धरणगावच्या स्थानकात क्षणभर विसावली आणि जीवनच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर एक तरुणी येऊन बसली. तिच्या ओढणीला नुकत्याच धुतलेल्या कपड्याचा मंद सुगंध होता. जीवनने संकोचाने अंग आक्रसून घेतले... तोच ती वळली.

"एक सांगून ठेवते. मला फिट येते. आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा. हातपाय दाबू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. आणि चप्पल हुंगवलीत, तर शुद्धीवर आल्यावर त्याच चपलेने मारीन!"

जीवन हा जळगावच्या चटईच्या कारखान्यातील एक साधा कामगार. अपरिचित स्त्रीच्या मुखातून असे भाषण त्याने कधी ऐकले नव्हते.

"घाबरलात?"

"नाही... म्हणजे, माझी चप्पल नवी आहे. तिला अजून वास नाही."

ती खळखळून हसली, आणि जीवनचे हृदय कायमचे हरवले!

तिचे नाव संघमित्रा. जळगावात चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. जीवन रोज तिच्यासाठी जागा राखू लागला. थंडी सरली, ऊन तापू लागले, तरी त्याच्या मांडीवर स्वेटर असेच.

"उन्हाळ्यात स्वेटर?" तिने भुवई उंचावली.

"तुमच्या डोक्याखाली ठेवायला."

"म्हणजे मला फिट यावी म्हणून वाट पाहता?"

"छे! न यावी म्हणून घेऊन फिरतो."

तिने मुख खिडकीकडे फिरवले. परंतु तिच्या गालावरील लाली त्या काचेत जीवनला स्पष्ट दिसली.

आणि चैत्रातील एका सायंकाळी, परतीच्या गाडीत, ती घटना घडली. बोलता बोलता संघमित्राची नजर गोठली, देह ताठरला आणि झटके येऊ लागले. जीवनने तिला कुशीवर वळवले, स्वेटर डोक्याखाली सरकवला. बाकी सारेही त्याने तिने सांगितल्याप्रमाणेच केले. झटके थांबले. तिचा श्वास संथ झाला. प्रवासी भोवती दाटले.

"काय झालं हो ताईले?" कंडक्टरने विचारले.

तिची लोकांत बदनामी होऊ नये म्हणून जीवन बोलून गेला, "काही नाही. उपास होता... चक्कर आली."

दुसऱ्या दिवशी तिकीट फाडताना कंडक्टर प्रेमाने म्हणाला, "ताई, एवढे कडक उपास नका धरत जाऊ."

संघमित्राने जीवनकडे पाहिले. त्या नेत्रांत वीज होती.

"उपास? मी?"

"लोक काय म्हणतील, म्हणून..."

"चक्कर आलेल्या बाईला लोक लिंबूपाणी पाजतात, जीवन. बेशुद्धीत माझ्या घशात ओतले, तर श्वास कोंडून मरेन मी!" ती म्हणाली. "साक्रीची माझी मैत्रीण होती, यशोधरा. लग्नात आजार लपवला. मग सासरी गोळ्याही चोरून घ्यायची. पाहुण्यांच्या गर्दीत गोळ्या राहिल्या... आणि आलेली फिट थांबलीच नाही. गेली ती. मी लपून जगणार नाही!"

"माझ्या आईला तुमच्या घरी आणणार होतो... मागणी घालायला."

"आणा. माझा मामा सारे झाकायला बघेल. तुम्ही काय बोलता, ते मी पाहीन."

वैशाखात बैठक भरली. संघमित्राला लहानपणापासून सांभाळणारे हिलालमामा तथागतांच्या तसबिरीखाली बसून अभिमानाने सांगत होते, "आमची पोर सोनं आहे! कसला आजार नाही, कसलं औषध नाही."

चहाचा ट्रे घेतलेली संघमित्रा दारातच थबकली. तिने बोलण्यास ओठ उघडले... परंतु तिच्याआधी जीवन उभा राहिला होता.

"तिला फिट येते," तो म्हणाला. "रोज गोळ्या घ्याव्या लागतात. एक चुकली तर जिवावर बेतू शकते. तिची फिट मी पाहिली आहे. बसमध्ये मी खोटे बोललो, ते आता बोलणार नाही. मला हिच्याशीच लग्न करायचे आहे."

मामांनी कपाळावर हात मारला. "अहो जावईबापू, तुम्ही लग्न जुळवायला आलात की मोडायला?"

जीवनची आई, धुरपदाबाई, ताडकन उठली. "लोके काय म्हनतीन, भाऊ? चुल्हावर पडनी तं?"

"स्वयंपाक मी करीन, आई."

"तुले चहा तरी येस का रे?"

ती पदर सावरत उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे मात्र क्षणभर थांबली. "घर ये रातले," ती मागे न पाहता म्हणाली, "भाकर झाकी ठेवसू." आणि निघून गेली.

मामाही खालमानेने अंगणात गेले.

"आई गेल्या," संघमित्रा हळूच म्हणाली. "तुम्ही नाही गेलात?"

"तारीख ठरायची आहे."

"कुणाशी ठरवणार? बैठक तर उठली."

"तुमच्याशी... चालेल?"

तिने ट्रे खाली ठेवला. डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि हनुवटी वर उचलली.

"रविवार ठेवा," ती म्हणाली. "साऱ्या गावाला सुट्टी असते. बघू देत सगळ्यांना!"