दोन ज्योतींमधली प्रभावळ

कोरियात सूवॉनमधल्या टीव्हीच्या एका कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक काळी खोली होती. भर दुपारीही तिच्यात दिवस शिरत नसे. भिंतींना काळी मखमल, दाराच्या फटींना रबर. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस मिनिटे नुसते बसून राहायचे आणि मग कामाला लागायचे. प्यो ह्ये-रिम नऊ वर्षे अशी बसत आली होती.

टीव्हीच्या पडद्यामागे दिव्यांचे शेकडो कप्पे असतात. चित्रात काळोख असेल तिथला कप्पा विझतो, उजेड असेल तिथला पेटतो. पण उजेड कप्प्याची वेस पाळत नाही. काळ्या आभाळातल्या चंद्राभोवती तो दुधट प्रभावळ सांडतो. ती प्रभावळ पुसणारे गणित बसवणे हे ह्ये-रिमचे काम. शुक्रवारच्या तपासणीत प्रभावळ दिसली तर ह्ये-रिमचा गट मोडायचा, असे विभागप्रमुख बान यांनी सांगून टाकले होते. ह्ये-रिम बेचाळीस वर्षांची होती आणि दुसरे कुठलेही काम तिला येत नव्हते.

चाचणीच्या जुन्या चित्रफिती सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. म्हणून तिने घरची एक आणली. ती वडिलांच्या शेवटच्या श्राद्धाची होती. आई वसंतात वृद्धाश्रमात जाणार होती आणि जेचॉन गावातले घर विकले जाणार होते, तेव्हा यापुढे पान मांडणारे कोणी उरले नव्हते.

"नीट जप," फीत मागितली तेव्हा आई म्हणाली होती. "आता त्यांना जेवायला एवढीच जागा."

रीत ठरलेली होती. वाढलेल्या भातात चमचा उभा रोवायचा. जिवंत माणसाच्या भातात तसा तो कोणी कधी रोवत नाही. दोन मेणबत्त्या ठेवून बाकीचे दिवे मालवायचे, सगळ्यांनी बाहेर येऊन दार लावायचे आणि आतल्याचे नऊ घास होईतो थांबायचे. मग थोरल्याने दाराशी तीनदा खोकायचे, आत जेवणाऱ्याला चाहूल लागावी म्हणून, आणि दार उघडायचे. त्या दिवशी बाहेर पडताना तिवईवरचा कॅमेरा बंद करायचा ह्ये-रिमकडून राहून गेला होता. बंद दाराआडची अकरा मिनिटे त्यात आली होती: दोन ज्योती, आणि बाकी निखळ काळे. तिच्या कामाला याहून चांगले चित्र मिळाले नसते.

मंगळवारी तिला तिसरी प्रभावळ दिसली.

ती दोन ज्योतींच्या मधोमध, जराशी खाली होती. तिथे ज्योत नव्हती. चित्राचे आकडे तपासले, तर त्या जागी शून्य होते, म्हणजे निव्वळ काळे. तिने पडदा बदलला, तरी प्रभावळ तिथेच राहिली. मग चित्र उलटे करून दाखवले. प्रभावळही उलटी झाली. म्हणजे दोष पडद्याचा नव्हता. जे काही होते ते चित्रात होते, आणि चित्रात तर काहीच नव्हते.

बुधवारी तिने सहकारी गुक ते-ओला शेजारी बसवले. तिने फीत लावली. तो दुधट डाग काळोखात भाताचा वाडगा असणार तिथे वाकायचा, वर यायचा, क्षणभर थांबायचा. ते-ओ बोटांवर मोजत होता. नऊ झाले आणि डाग स्थिर राहिला.

"ताई, तुमचे बाबा जेवतायत," तो म्हणाला. "आपण बाहेर थांबायचं का?"

थट्टाच होती ती, पण तो स्वतः हसला नाही. नंतर काळ्या खोलीतली कामे तो दुसऱ्यांवर ढकलू लागला.

गुरुवारी सकाळी तिने बान यांना फीत दाखवली, आणि हा डाग तेवढा राहू द्यावा, चाचणीसाठी दुसरी फीत घ्यावी, असे अडखळत सुचवले. बान यांनी चष्मा पुसला.

"प्योबाई, गिऱ्हाईक काळोखाचे पैसे देतं. त्याला काळोख द्या."

दुपारी तिने गणित कडक केले. ज्या उजेडाला चित्रात आधार नाही तो दोष समजावा आणि विझवावा, एवढीच एक ओळ. मग तिने फीत लावली. डाग वाकला, वर आला. दुसऱ्यांदा वाकला. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा गणिताला तो सापडला. तो हळूहळू मंदावत गेला, बशीतले पाणी वाळावे तसा. वाडग्यापाशी वाकलेला असतानाच तो संपला. पुढची आठ मिनिटे दोन ज्योती काळ्याभोर रिकामेपणात जळत राहिल्या.

ह्ये-रिमने ते गणित जतन केले.

शुक्रवारी तपासणी झाली. बान यांनी तिची पाठ थोपटली. गट वाचला. त्या संध्याकाळी आईचा फोन आला, तो तिने उचलला नाही.

सोमवारी दुपारी ती काळ्या खोलीत एकटीच होती. बाहेर जेवायला गेले तर परतल्यावर पुन्हा वीस मिनिटे मोडतात, म्हणून तिने डबा आतच आणला होता. भाताचे झाकण काढून ठेवले होते, चमचा रुमालात गुंडाळलेला होता. पडद्यावर तीच फीत चालू होती, निर्दोष. पडद्याला आवाजाची पेटी जोडलेली नव्हती. इथे ती कधीच जोडत नसत.

अकरावे मिनिट लागले.

दाराबाहेर कोणीतरी खोकले.

तिला ते-ओ वाटला. "पुरे हं," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा खोकले. आता तिला आवाज ओळखू आला. जेचॉनच्या कारखान्यात तीस वर्षे कोळशाच्या विटा पाडलेल्या छातीचा तो खोकला होता. शेवटी शीळ वाजायची, आणि ती शीळ दाबायला बाबा तोंडावर मूठ धरायचे.

तिसऱ्यांदा खोकले.

मग शांतता. अदबीची, वाट पाहणारी.

तिला उठायचे होते. आधारासाठी तिने मेजावर हात टेकला, तेव्हा बोटांना रिकामा रुमाल लागला.

तिने खाली पाहिले. पडद्यावरच्या दोन ज्योतींच्या उजेडात तिचा डबा स्पष्ट दिसत होता. भाताला तिने अजून हात लावला नव्हता.

चमचा भातात सरळ उभा होता.

दाराची कडी हलली.