आरशातली खिडकी

बाळा, मनातल्या मनात दोन आरसे समोरासमोर ठेव बघू. एक हसला की दुसरा हसतो. पण एकाने चुकून तोंड वाकडं केलं तर?

हे आरसे काढले होते एका चित्रकार मुलीने. झेरॉक्सच्या दुकानात गणिताच्या सरांचे आकड्यांनी भरलेले तक्ते तिच्या हाती पडले आणि ती शेजारी उभ्या सरांना म्हणाली, “हे मुलांना शिकवायचंय की घाबरवायचंय?”

मग दोघं सरांच्या घरी बसून त्या तक्त्यांमधल्या खेळाचे पत्ते बनवू लागले. खेळ असा: दर डावाला दोघांनी एकमेकांना साथ द्यायची किंवा दगा. खेळात कोण कसं वागतो, हे एकही शब्द न वाचता कळायला हवं. नेहमी साथ देणारा म्हणजे उघडा तळहात. एकदा फसला की कायमचा रुसणारा म्हणजे कुलूप. समोरचा मागच्या डावात जसा वागला तसंच वागणारा म्हणजे आरसा. परीक्षक होती सरांची नऊ वर्षांची पुतणी, चिमणी.

“मला तीन पानांत जमलं नाही ते तुम्ही एका रेघेत सांगितलंत,” सर म्हणाले.

“कौतुक रेघेचं, की काढणारीचं?”

“सुरुवात... रेघेपासून केलीय.”

पण एका सोमवारी सर पेपर तपासण्याच्या नादात ठरलेली भेट विसरले. पुढच्या भेटीला ती आली नाही. मग सरांनी फोन केला नाही, म्हणून तिनेही नाही...

उरलेलं काम पुरं करायला ती आली, तो शेवटचा दिवस. पत्ते छापायला गेले की भेटायला कारणच उरणार नव्हतं. दोघं आपापल्या पत्त्यांत डोकं घालून बसले होते. चिमणी मात्र दोन आरशांना खेळवत होती. पांढरी सोंगटी म्हणजे साथ, काळी म्हणजे दगा. एकदा तिच्या हातून चुकून काळी पडली, आणि मग कधी याची काळी, कधी त्याची.

“काका, हे भांडतच बसलेत. आणि चूक तर नुसती माझ्या हाताची होती.”

सरांनी मान खाली घातली. चित्रकार मुलीने हळूच पेन्सिल उचलली आणि एका आरशात छोटीशी खिडकी काढली. “एखादी चूक इथून बाहेर जाऊ द्यायची,” ती म्हणाली.

“हे मला सुचायला हवं होतं,” सर म्हणाले. “सोमवारी मी विसरलो, आणि वर रुसलोही. पत्ते संपले तरी... याल? मला तुम्ही फार आवडता.”

“‘तुम्ही’ म्हणायचं सोडलं तर येईन.”

सर हसले — “ये.”

चिमणीने दोघांकडे पाहिलं, दुसरा आरसा पुढे ओढला आणि त्यातही खिडकी काढली. जरा मोठीच.